शिफारसपत्र (पीएच.डी. प्रवेश)

शिफारसपत्र हे पीएच.डी. प्रवेशाच्या अर्जासोबत अर्जदाराच्या शिक्षकाने निवड समितीस थेट पाठवलेले मूल्यमापनपर पत्र होय. गुणपत्रिकेतून अर्जदाराची परीक्षेतील कामगिरी कळते; त्याची संशोधनक्षमता, चिकाटी व लेखनशैली यांविषयीची माहिती मात्र मुख्यतः शिफारसपत्रातून मिळते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे अशी तीन पत्रे मागवतात.

भारतातील स्थिती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी. प्रवेश हा राष्ट्रीय पात्रता परीक्षा अथवा प्रवेश परीक्षा आणि मुलाखत यांवर आधारलेला आहे. त्यांत शिफारसपत्राची अट नाही. काही संस्था ते आपल्या नियमांनुसार मागवतात. त्यामुळे राज्य विद्यापीठांतील अनेक विद्यार्थ्यांचा या पत्राशी पहिला संबंध परदेशी अर्ज भरतानाच येतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि वेळापत्रक

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी (आताचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ) संलग्न आहेत. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा विषय असून संशोधन प्रकल्प तिसऱ्या व चौथ्या सत्रात असतो. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत सामान्यतः डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या अखेरीस संपते. परिणामी शेवटच्या वर्षातच अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रकल्प तेव्हा अपूर्ण असतो आणि शिक्षकाजवळ लिहिण्याजोगा अनुभव थोडा असतो. हा अडसर दोन मार्गांनी दूर होतो: पहिल्याच वर्षी एखाद्या शिक्षकाकडे छोटे संशोधनकार्य हाती घेणे, किंवा पदवीनंतर एक वर्ष थांबून पूर्ण झालेल्या प्रकल्पाच्या आधारे अर्ज करणे. पदवी अभ्यासक्रमातील शिक्षकाचे पत्रही चालते.

तासिका तत्त्वावरील शिक्षक पुढील वर्षी त्याच महाविद्यालयात असतीलच असे नाही. म्हणून त्यांचा संपर्क वेळीच जपून ठेवणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. पत्र ऑनलाइन सादर होत असल्याने अनेक विद्यापीठे शिक्षकाच्या संस्थात्मक ई-मेल पत्त्यास प्राधान्य देतात.

पत्राचे स्वरूप

परिणामकारक पत्रात पुढील बाबी आढळतात:

• शिक्षक विद्यार्थ्यास किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतात;
• त्याने केलेल्या एखाद्या विशिष्ट कामाचे वर्णन;
• सहाध्यायांच्या तुलनेत त्याचे स्थान;
• संशोधनासाठीची योग्यता.

‘होतकरू’, ‘कष्टाळू’ अशा विशेषणांपुरते मर्यादित पत्र निवडीस फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे पद मोठे असले तरी अर्जदारास न ओळखणाऱ्या व्यक्तीपेक्षा प्रत्यक्ष मार्गदर्शन केलेल्या शिक्षकाचे पत्र अधिक मोलाचे ठरते. विद्यार्थ्याने मुदतीच्या किमान महिनाभर आधी विनंती करून गुणपत्रिका, प्रकल्पाचा मसुदा, संशोधनविषयक निवेदन आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी शिक्षकास देणे अपेक्षित असते. स्वतःच मजकूर लिहून त्यावर केवळ सही घेणे हे पत्राच्या हेतूस बाधक आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यास पुढे असे पत्र पाहण्याचा हक्क मिळू शकतो; तो स्वेच्छेने सोडल्यास पत्र अधिक विश्वासार्ह मानले जाते.

ऐतिहासिक उदाहरण

पुढे १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लढवणारे बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ साली ते लंडनला गेले, तेव्हा त्यांचे कोलंबियातील प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी लंडनमधील अर्थशास्त्रज्ञांकडे त्यांची शिफारस केली. आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावनाही सेलिगमन यांनीच लिहिली. शिफारसपत्र हे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या कामाची जी प्रत्यक्ष ओळख झालेली असते तिचेच लेखी रूप असते, हे यातून दिसते.