शिवडी ते कुर्ला : मालमोटारीच्या घडणीचे अर्धशतक

दादरच्या आग्नेयेस शिवडी आणि ईशान्येस कुर्ला ही दोन ठिकाणे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भारतीय अवजड मालमोटारीचा आरंभीचा इतिहास बव्हंशी या दोहोंमधल्या अंतरात सामावलेला आहे. शिवडीत अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली कारखाना काढला होता, तर कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या गाड्या १९४७ साली बाहेर पडू लागल्या. पुणे आणि नाशिककडून येणारे रस्ते शीवला एकत्र येऊन दादरमार्गे परळ-भायखळ्याकडे उतरत असल्यामुळे या गाड्यांचा मालही दादरवरूनच शहरात जात असे.

शिवडीतले काम जोडणीचे होते. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, आस असे भाग परदेशातून सुटे यायचे आणि येथे त्यांची गाडी उभी केली जायची. युद्धकाळात अशा जोडणी कारखान्यांनी लष्करासाठी ट्रक पुरवले, आणि युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या जादा गाड्या खाजगी वाहतूकदारांच्या हाती आल्या. मात्र त्यांचे सुटे भाग परदेशीच असल्याने एखादा दातेरी गिअर तुटला, तरी परकीय चलन आणि आयात परवाना मिळेपर्यंत गाडी उभी राही.

हे परावलंबन मोडण्यासाठी मोटार येथेच घडवावी, असा आग्रह अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी युद्धापूर्वीच धरला होता. वालचंदांनी तो उचलला, पण युद्धकाळात ब्रिटिश सरकारने त्यांना अपेक्षित साहाय्य दिले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियरची स्थापना झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्यात डॉज, फार्गो या नावांचे ट्रक तयार होऊ लागले. आरंभी येथेही जोडणीच होत असली, तरी भाग टप्प्याटप्प्याने देशात बनवण्याचा कार्यक्रम कंपनीने हाती घेतला, आणि पुढचा निकाल या कार्यक्रमावरच लागला. टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे देशी उद्योगाला संरक्षण द्यावे की नाही हे तपासणाऱ्या आयोगाच्या, १९५३ सालच्या शिफारशींनंतर ज्यांच्याकडे उत्पादनाचा आराखडा नाही, त्यांनी जोडणी बंद करावी असे धोरण ठरले; त्यामुळे शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद पडला आणि फोर्डनेही भारतातून पाय काढला.

त्याच वर्षी मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला व जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रकचे उत्पादन सुरू केले. डिझेल इंजिनात ठिणगीऐवजी दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते, इंधनखर्च कमी येतो आणि कमी फेऱ्यांवरही टॉर्क, म्हणजे आस फिरवणारा जोर, भरपूर मिळतो. बोरघाट आणि कसारा घाट चढून जाणाऱ्या भरल्या गाडीला नेमके हेच हवे असते. परिणामी पेट्रोलचे ट्रक मागे पडत गेले. पुढे १२१० किंवा १६१२ असे आकडे गाडीच्या नावात आले, ज्यांतले पहिले दोन अंक मालासह एकूण वजन टनांत, तर उरलेले दोन इंजिनाची शक्ती स्थूलमानाने दहा-दहा अश्वशक्तींत सांगत. करार १९६९ साली संपला तेव्हा नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण गाडी येथेच घडत राहिली.

तरीही कारखान्यातून पूर्ण ट्रक क्वचितच बाहेर पडे. तिथून निघे ती चासी, म्हणजे चाके, कमानपाटे आणि इंजिन बसवलेला लोखंडी सांगाडा. चालकाची केबिन, मालाचा हौदा आणि मागे उघडणारा फाळका हे सारे छोट्या वर्कशॉपमध्ये सुतार, लोहार आणि रंगारी बसवत. जर्मन आराखड्याची गाडी दर गावात निराळी दिसे, ती यामुळे. फाळका उघडल्यावरचे काम तर यंत्राच्या वाट्याला आलेच नाही: गोण्या डोक्या-पाठीवरून उतरवणाऱ्या कामगारांची मजुरी, विमा आणि सुट्टी यांना कायद्याचा आधार मिळण्यासाठी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारावा लागला आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला.

नंतर घाऊक बाजार वाशीला हलले, कांदा-बटाटा १९८१ साली आणि भाजी-फळे १९९६ साली. तेव्हा वाशीपर्यंत मोठा ट्रक आणि तिथून दादरच्या मंडईपर्यंत टेम्पो, अशी विभागणी रुळली. १९८६ साली आलेली टाटा ४०७ अशा मधल्या वाहतुकीला सोयीची ठरली. या घडामोडींतून दिसते ते असे, की कोणता कारखाना टिकला हे भाग देशात घडवण्याच्या धोरणाने ठरवले, आणि त्या गाडीतला माल उतरवणारा माणूस टिकला तो संघटनेच्या बळावर. मालमोटारीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.