पत्ता नसलेल्यांचं मत

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतलं मतदार नोंदणी नसलेलं एकमेव राज्य. ओळखपत्र दाखवा आणि मत द्या. सगळ्या राज्यात मिळून आठ लाखांहून कमी माणसं, त्यामुळे प्रतिनिधिगृहात एकच खासदार. इतक्या मोकळ्याढाकळ्या राज्यात मूळनिवासींनाच मत देणं अवघड का व्हावं, या प्रश्नाने मला ऑक्टोबर 2018 मध्ये बेलकोर्टला नेलं. टर्टल माउंटनच्या ओजिब्वे जमातीचं हे गाव.

अडचण पत्त्याची होती. ओळखपत्रावर घराचा पत्ता हवाच, असा कायदा. 9 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही तो अडवायला नकार दिला आणि मतदान 6 नोव्हेंबरला. इथल्या अनेक घरांना नंबर नाही, रस्त्यांना नाव नाही. टपाल पोस्टातल्या पेटीत येतं, पण पेटीचा नंबर कायद्याला चालत नाही.

मग काउंटीच्या 911 आपत्कालीन सेवेच्या विभागाकडून पत्ता मिळवायचा, जमातीच्या कार्यालयात फोटो काढायचा आणि नवं कार्ड घ्यायचं. शुल्क माफ होतं. माझं लक्ष मात्र कार्ड छापणाऱ्या बाईंवरून हलेना. यंत्र इतकं तापलं की कार्डं वितळायला लागली. तापलेल्या प्लास्टिकचा वास कपड्यांत बसला. त्या यंत्र बंद करायच्या, निवू द्यायच्या आणि पुन्हा पुढचं नाव पुकारायच्या. चेहऱ्यावर वैताग नाही.

रांगेतल्या एका आजोबांनी आकडा सांगितला: 2,936. सन 2012 मध्ये हायडी हाइटकॅम्प एवढ्याच मतांनी सिनेटवर गेल्या, मूळनिवासींच्या पाठबळावर. ओळखपत्राचा नियम कडक झाला तो त्यानंतर, 2013 पासून. या क्रमाला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

राज्यातल्या जमातींनी मिळून दोन हजारांहून जास्त कार्डं वाटली. हाइटकॅम्प या वेळी पस्तीस हजारांहून अधिक मतांनी हरल्या. म्हणून ती धडपड वाया गेली, असं कुणी म्हणू नये. 2,936 मतांनी जिथे सिनेटची जागा ठरते, तिथे दोन हजार कार्डं थोडी नाहीत. त्याच निवडणुकीत फार्गोमध्ये रूथ बफेलो या मूळनिवासी उमेदवाराने ओळखपत्राच्या कायद्याच्या पुरस्कर्त्या आमदाराला हरवलं. पुढे 2020 मध्ये राज्याने तडजोड केली: पत्ता नसेल तर मतदाराने नकाशावर आपलं घर दाखवावं.

घराला नंबर देणं हे सरकारचं काम. ते झालं नाही, याची शिक्षा मतदाराला देता येणार नाही.