बांदाई पर्वत आणि पाच रंगांची तळी

श्रोतेहो, ज्वालामुखी म्हटला की धूर, राख आणि तांबडा लाव्हारस आपल्या डोळ्यांपुढे येतो. जपानमधल्या फुकुशिमा प्रांतात बांदाई नावाचा १८१६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उत्तरेच्या अंगाला गेलात तर यांतले काहीच दिसायचे नाही. दिसतील ती निळीहिरवी तळी, दाट रान आणि रानातून गेलेली पायवाट. ही सारी शोभा एका सकाळच्या अनर्थातून निघाली आहे.

तो दिवस १५ जुलै १८८८. सातच्या सुमारास जमीन हादरू लागली आणि पावणेआठला डोंगर फुटला. लाव्हारस वर आलाच नाही. डोंगराच्या पोटातले पाणी खालच्या उष्णतेने तापून त्याची वाफ कोंडली होती. भांड्याचे झाकण घट्ट बसले नि वाफेला वाट उरली नाही म्हणजे काय होते, ते आपण जाणताच. लागोपाठ पंधरा-वीस स्फोट झाले आणि उत्तरेकडचे अख्खे शिखर ढासळून खोऱ्यात उतरले. पायथ्याची खेडी गाडली गेली. ४७७ माणसे दगावली. जपानच्या रेडक्रॉसने युद्धाखेरीज केलेले पहिले मदतकार्य ते हेच.

त्या ढिगाऱ्याने नागासे नदी आणि तिचे ओढे अडले. कुणी न बांधलेले धरणच म्हणा ना! पाणी चढत गेले आणि हिबारा, ओनोगावा, आकिमोतो ही तीन सरोवरे झाली. खळग्यांतून शेकडो लहान तळी साचली. त्यांतल्या एका समूहाला गोशिकिनुमा, म्हणजे पाच रंगांची तळी, म्हणतात. पायवाट साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. दीड तास पुरे. रानात अस्वले आहेत, म्हणून पुष्कळजण पिशवीला घंटा बांधतात. ओनोगावाच्या बाजूला रानात एक धबधबाही आहे.

रंगांचे कारण असे: डोंगरातून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. त्यांपासून अतिशय बारीक कण तयार होऊन पाण्यात तरंगत राहतात आणि उजेडातला निळा भाग अधिक विखुरतात. लोखंडाचा अंश असेल तिथे काठचे गवत तांबडे होते. शिक्षकांनी पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात बाजूने विजेरीचा झोत सोडावा. पाणी निळसर दिसेल. पोरांना एवढे पुरते.

झाडी मात्र सगळीच आपोआप आलेली नाही. स्फोटानंतर वीस-बावीस वर्षे तो मुलूख उजाडच होता. १९१० पासून एंदो गेन्मु नावाच्या गृहस्थाने पदरचा पैसा घालून तिथे लाल सालीचे पाइन लावले. नाकामुरा यारोकु या वनशास्त्रज्ञाचा त्याला सल्ला होता. एंदोची समाधीही तिथल्याच रानात आहे.

हिबारा सरोवराखाली त्याच नावाचे गाव आहे. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ दिसू लागते, तशी इथेही पाणी उतरल्यावर देवळाची कमान आणि थडग्यांचे दगड उघडे पडतात. एरवी त्यांच्यावरून सहलीच्या बोटी जातात. हिवाळ्यात सरोवर गोठते, तेव्हा बर्फाला भोके पाडून लोक वाकासागी नावाची बारीक मासळी धरीत बसतात.