वायर लागली तरी सूर तोच!

‘आई, मला व्हायोलिनवर पिक्चरचं गाणं वाजवायचंय!’ क्लासहून आलेल्या लेकीने असं म्हटलं की आपल्या कपाळावर लगेच आठी पडते. त्यात तिने ‘इलेक्ट्रिक व्हायोलिन’ असा शब्द काढला, तर विचारूच नका! पण मैत्रिणींनो, जरा थांबा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रारंभिक ते विशारद ही वाट चांगली सात वर्षांची. नववी-दहावी आली की किती मुलींचा क्लास सुटतो आणि वाद्य कपाटावर जाऊन बसतं, हे आपण बघतोच. आवडीचं एक गाणं तिला त्या वाटेवर टिकवून ठेवणार असेल, तर बिघडलं कुठे?

मुळात व्हायोलिन आलं परदेशातून. आपण ते मांडी घालून वाजवायला घेतलं, तारा सा-प मध्ये लावल्या आणि ते आपलं झालं. सातारा जिल्ह्याशी नातं असलेले पं. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर त्याची जुगलबंदी रंगवली. प्रभाकर जोग यांनी तर भावगीतं आणि चित्रपटगीतं इतकी हुबेहूब वाजवली, की ‘गाणारं व्हायोलिन’ हीच त्यांची ओळख झाली. म्हणजे लोकांच्या ओठावरची गाणी व्हायोलिनवर येणं काही आजचं नाही.

आणि सांगली तर नाट्यपंढरी! नाट्यसंगीत हे त्या काळचं लोकप्रिय संगीतच होतं. त्याच्या साथीला ऑर्गन आला, तोही बाहेरूनच. शेजारच्या मिरजेत तंतुवाद्यं घडवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नवं ऐकायचं आणि जुनं जपायचं, दोन्ही या मातीला जमतं.

आता हे इलेक्ट्रिक प्रकरण आहे तरी काय? साध्या व्हायोलिनचा आवाज त्याच्या पोकळ लाकडी पेटीत घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिक व्हायोलिन बहुधा भरीव असतं. तारांची कंपनं घोडीजवळचा पिकअप टिपतो, त्यांचे विजेचे संकेत बनतात आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज बाहेर पडतो. गज तोच, बोटं तीच. पडदे नसल्यामुळे सूर कानानेच शोधायचा, हेही तेच.

याचा खरा फायदा घरातल्या बायकांना आहे. हेडफोन लावला की शेजाऱ्यांना फारसं ऐकू जात नाही. जेवणं आटोपली, पोरं झोपली, की अर्धा तास रियाज करता येतो. यामाहा कंपनीने १९९७ मध्ये ‘सायलेंट व्हायोलिन’ काढलं, ते अशाच मूक सरावासाठी. फक्त हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा.

पण घाई नको. पहिली दोन-तीन वर्षं साधंच व्हायोलिन बरं. गज किती दाबला की सूर कसा फुलतो, हे त्या लाकडावरच कळतं. पुढे हौस वाटली तर आहे त्याच व्हायोलिनला बसणारा पिकअप आधी वापरून बघा. नवीन घ्यायचंच ठरलं तर दुकानात बैठक मारून वाजवून पाहा. भरीव वाद्य जड असू शकतं, पायावर नीट टेकतं का तेही बघा. अ‍ॅम्प्लिफायर, केबलचा खर्चही धरा. आणि हो, सरावाला ‘इको’ बंद! त्या घुमाऱ्यात बेसूरपणा झाकला जातो.

क्लासमध्ये तासाची शेवटची पंधरा मिनिटं नव्या गाण्याला द्यायला सरांना किंवा बाईंना जरूर सुचवा. मात्र नोटेशन आयतं देऊ नये. ‘सा’ कुठला धरायचा, कोमल स्वर कुठे लागतो, हे मुलांनीच ऐकून शोधावं. मग तालयंत्र लावून लय सांभाळावी. अलंकार-पलटे घोटलेल्या मुलीला हे पटकन जमतं आणि पलटे कशासाठी घोटायचे, तेही तिला आपसूक कळतं. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. मुलं ज्यावर नाचली, त्यात व्हायोलिनं होतीच की!

घराण्याची तालीम आणि नवं संगीत एकत्र नांदतं का, ही शंका असेल तर एन. राजम यांचं घर बघा. गायकी अंगाने व्हायोलिन वाजवणाऱ्या या विदुषींना २००४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांची नात नंदिनी शंकर रागसंगीत तर वाजवतेच, शिवाय कौशिकी चक्रवर्तींच्या ‘सखी’ या महिलांच्या वाद्यवृंदातही तिने साथ केली आहे. पाया पक्का असला की दोन्हीकडे वावरता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी लेकीला नाही म्हणण्याआधी एवढंच सांगा, ‘आधी यमन वाजव, मग तुझं गाणं.’ आणि ती वाजवेल तेव्हा दोन्ही ऐकायला शेजारी बसा. कपाटावरचं वाद्य तुमचं स्वतःचं असेल, तर तेही खाली काढा. धूळ पुसायला आजचा दिवस चांगलाच आहे!