गुंड आपल्या कॉलनीत राहायला येतो तेव्हा
चित्रपटांचे प्रकार : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण दरोड्याच्या बेतावर उभे राहणारे चित्रपट पाहिले. आजचा प्रकार त्याच कुळातला, पण हसवणारा. अट्टल गुन्हेगार पांढरपेशा वस्तीत येऊन पडतो आणि तिथल्या साध्या रीतीभाती त्याला झेपत नाहीत.

याचा नमुना म्हणजे १९९० सालचा ‘माय ब्ल्यू हेवन’. न्यूयॉर्कचा माफिया व्हिनी साथीदारांविरुद्ध साक्ष देणार असतो. म्हणून सरकार त्याला नवं नाव देऊन कॅलिफोर्नियातल्या उपनगरात ठेवतं. चकचकीत सूट आणि दिसेल त्याच्या हातात नोट सरकवायची सवय घेऊन स्टीव्ह मार्टिनचा व्हिनी त्या शांत वस्तीत वावरतो. पटकथा नोरा एफ्रॉन यांची. त्यांचे पती निकोलस पिलेजी यांनी हेन्री हिल या खऱ्या गुंडावर पुस्तक लिहिलं होतं. त्यावरचा स्कॉर्सेसीचा ‘गुडफेलाज’ त्याच वर्षी आला. एकाच घरातून गुन्हेगारी जगाची भीषण बाजूही आली आणि गमतीचीही.

आपल्याकडे हे घडू शकेल? कायद्याने हो. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. गरज पडल्यास साक्षीदाराची ओळख बदलण्याची आणि त्याला दुसरीकडे हलवण्याची तरतूद तिच्यात आहे.

आता हा व्हिनी रत्नागिरीत, नाचण्याच्या किंवा कुवारबावच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये आणून ठेवा. अमेरिकेत त्याचं निभावतं, कारण शेजारी खोलात शिरत नाहीत. इथे टेम्पोतून सामान उतरायच्या आत विचारणा होईल, “गाव कुठला तुमचा? तिथे कोणाकडचे?” आडनाव सरकार देईल. पण ग्रामदेवता कोणती, पालखी घरी कधी येते, शिमग्याला जाणार की नाही, याची उत्तरं कोणत्या कागदावर मिळणार? एक खोटं गाव सांगितलं की त्या गावचा माणूस दुसऱ्या मजल्यावर निघणारच. मूळ चित्रपटात गुंडाला उपनगराचा कंटाळा छळतो. इथे त्याला शेजाऱ्यांची आपुलकी छळेल.

मराठी प्रेक्षकाला ही गंमत नवी नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) भाड्याच्या खोलीसाठी रचलेल्या खोट्या नात्यांवरच उभा आहे. तिथे माणसं गुन्हेगार नाहीत, पण एक थाप लपवायला दुसरी मारावी लागते, हे यंत्र तेच. त्यात जिवाची भीती मिसळली की गुन्हेगारी विनोदपट तयार होतो.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नवी संहिता शोधणाऱ्या रत्नागिरीच्या रंगकर्मींनी हा विषय हाती घ्यावा. पात्रं, प्रसंग आणि संवाद आपल्या जिन्यावर तयार आहेत.

(पुढील भागात : न्यायालयात घडणारे चित्रपट)