ताप उतरला, पण डासाची शिदोरी रक्तातच राहिली!

सोयाबीनच्या काढणीची घाई आणि थंडी-ताप, हे दोन्ही आपल्या नांदेड-लातूरकडे बहुधा हातात हात घालूनच येतात. हुडहुडी भरते, रक्त तपासले जाते, गोळ्या मिळतात. दोन दिवसांत अंग हलके होते, माणूस शिवारात जातो आणि उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहतात. वाचकहो, खरी गोम इथेच आहे.

हिवतापाचा जंतू रक्तात दोन कामे करतो. एक, तांबड्या पेशी फोडून ताप आणतो. दुसरे, डासाच्या पोटात जाण्यासाठी नर-मादी जंतू तयार करतो. या नर-मादींमुळे रुग्णाला काहीच त्रास होत नाही. पण अ‍ॅनोफिलिस डासाची मादी त्याला चावली, की साधारण दहा ते चौदा दिवसांत ती दुसऱ्याला हिवताप द्यायला तयार होते.

हे कोडे आपल्या शेजारीच सुटले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर या जंतूच्या गाठी दिसल्या. त्यासाठी १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या वेळी नांदेड-लातूर आणि सिकंदराबाद एकाच निजामी मुलखात होते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर फाल्सिपेरम जातीचा हिवताप म्हणजे गाजर गवत. ताप उतरवणे म्हणजे झाड कापणे. बी मागे राहतेच. त्याचे चंद्रकोरीच्या आकाराचे पक्व जंतू क्लोरोक्विनला दाद देत नाहीत. ते मारण्यासाठी प्रायमाक्विन एकदाच देतात. व्हायवॅक्स जात मात्र हराळीसारखी. वरून साफ दिसले, तरी काश्या यकृतात दबून असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा फुटतात. म्हणून त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडले, तर नांगरट अर्धीच राहिली म्हणायचे!

मग नवीन औषध कशाला? कारण प्रायमाक्विन सत्तर वर्षांहून जुने आहे आणि सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना ते देत नाहीत. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा.

शोधाची रीत मोठी गमतीची आहे. जंतू असलेल्या रक्तात नवे औषध मिसळून ते पातळ पडद्यातून डासांना पाजतात. आठवडाभराने डासाचे पोट उघडून रॉस यांनी पाहिल्या तशाच गाठी मोजतात. गाठ नाही, म्हणजे औषध लागू! स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात सापडलेले, २०१५ साली जाहीर झालेले कॅबामिक्विन अशा कसोटीला उतरले. गॅनाप्लॅसाइड हे दुसरे औषध आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचले आहे.

पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून चालणार नाही. १९६१ साली देशात हिवतापाचे रुग्ण ५० हजारांच्या आसपास उरले होते. मग ढिलाई झाली, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. थोडे रुग्ण उरले म्हणजे धोका संपला, असे नव्हे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एवढे करावे. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातून किंवा परमुलखातून कामावरून परतलेल्या माणसाला ताप असेल, तर आशाताईंकडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. कोणाचा कोणता डोस उरला, याची विचारपूस करावी. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, डबक्यांत गप्पी मासे सोडावेत. आणि शेतकरी बंधूंनो, डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवा. पहिल्या गोळ्या तुमच्या तापासाठी असतात. शेवटच्या गोळीवर मात्र शेजारच्या लेकराचाही हक्क असतो.