चेहऱ्यावरील सुरकुत्या
त्वचेच्या आतील थरात कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. त्वचेचा घट्टपणा आणि लवचिकपणा त्यांवरच अवलंबून असतो. वयोमानाने हे तंतू क्षीण होऊन सुरकुत्या पडतात. परंतु सारा दोष वयाचा नव्हे. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षांच्या नोकरीत खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण खिडकीची काच पूर्णपणे अडवीत नाही, हे त्याचे कारण. अशा त्वचेस कर्करोगाचाही धोका असतो. ट्रेटिनॉइनच्या मलमाने बारीक सुरकुत्या काहीशा कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे, गरोदरपणी टाळावे. उन्हापासून संरक्षण हाच सर्वांत सुलभ उपाय होय.